दात वयाने पडत नाहीत



शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील कोणत्याही पाड्यावर साठी ओलांडलेल्या मंडळींत बसून दातांचा विषय काढला, तर उत्तर ठरलेले असते : ‘आता वय झाले, दात जायचेच!’ या उत्तरातील सोशिकता आदरणीय आहे. परंतु ते सत्य नव्हे. दात वयाने पडत नाहीत, रोगाने पडतात. कीड, हिरड्यांचा जिवाणुजन्य रोग, तंबाखू-मिश्री आणि मधुमेह ही त्याची प्रमुख कारणे. आज मात्र एका दुर्लक्षित कारणाविषयी बोलायचे आहे. ते म्हणजे विषाणू.

हिरड्या व दात यांमधील खोल खाचांत एप्स्टाइन-बार आणि सायटोमेगॅलो हे विषाणू आढळतात. ते तेथील प्रतिकारशक्ती दुबळी करतात व जिवाणूंना रान मोकळे होते, असा विचार अमेरिकेतील संशोधक योर्गेन स्लॉट्स यांनी १९९० च्या दशकापासून मांडला. तो अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. त्यामुळे दोष विषाणूला देऊन दात घासणे सोडता येणार नाही!

नागिणीची गोष्ट मात्र निश्चित आहे. बालपणीच्या कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतो. पन्नाशीनंतर प्रतिकारशक्ती ओसरू लागली की तो पुन्हा डोके वर काढू शकतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूवर नागीण उठणार असेल, तर कधी कधी फोड येण्यापूर्वी काही दिवस केवळ दात ठणकतो. मग निरोगी दात उपटला जातो आणि ठणका तसाच राहतो. क्वचित जबड्याचे हाडच मृत होऊन दात आपोआप गळतात.

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठते आणि मध्यरेषेपाशी थांबते. खरा धोका आहे तो लेप व मंत्र यांत दिवस दवडण्याचा. कारण विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले, तर सर्वाधिक उपयोगी पडते. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी २०२३ पासून नवी लसही भारतात मिळते. ती महाग आहे, हेही सांगितले पाहिजे.

२०२१ ची कोरोनाची दुसरी लाट आठवा. विषाणूतून वाचलेल्या, पण मधुमेह अनियंत्रित असलेल्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्या अनेकांना काळ्या बुरशीने गाठले. वरचे दात एकाएकी हलू लागणे हे तिचे एक लक्षण होते. महाराष्ट्रात कित्येकांचा वरचा जबडा दातांसह काढावा लागला. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने या रोगाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले.

दात गेले की प्रथम नाचणीची भाकरी सुटते, मग दाणे, मग भाजी. उरते ती पेज. म्हातारा माणूस खंगतो आणि आपण त्यालाही वय म्हणतो!

म्हणून कार्यकर्त्यांनी घरभेटीत वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत. चेहऱ्याच्या एकाच बाजूस आग किंवा फोड आहेत का? आजारपणानंतर दात अचानक हलू लागले का? साखर शेवटची कधी तपासली? पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर त्याच दिवशी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठून द्यावे. साखर तपासून बरेच दिवस झाले असतील, तर त्याच आठवड्यात ती तपासून घ्यावी.