जुन्या आज्ञावल्या आणि दूरचा संगणक



गोरखी म्हटले की ग्वाल्हेरच्या मराठी माणसापुढे शिंद्यांचा जुना वाडा, त्यातील देवघर आणि कचेऱ्या उभ्या राहतात. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या परिसरात छावणी दिली, तिचे पुढे लष्कर हे शहर झाले आणि दरबारी कारभाराबरोबर मराठी भाषा व मोडी लिपी या भूमीत रुजली. पुढे मोडी शिक्षणक्रमातून गेली. कागद शाबूत राहिले, परंतु ते वाचणारे दुर्मिळ झाले. लिपीचा वाचक नाहीसा झाला की दप्तर मुके होते, हा धडा ग्वाल्हेरला नवा नाही.

तोच प्रसंग आज संगणकावरील नोंदींवर आला आहे, आणि येथे तो अधिक बिकट आहे. मोडी वाचणारा उद्याही शिकवून तयार करता येतो. परंतु एखाद्या आज्ञावलीने साठविलेली नोंद त्या आज्ञावलीवाचून पाहू गेल्यास बहुधा निरर्थक चिन्हांची रांग दिसते. आज्ञावली चालविणारे यंत्रच बाजारातून नाहीसे झाले, तर सभासदांची वर्गणी, संस्थेचे हिशेब, कर्मचाऱ्यांची पगारपत्रके आणि ग्रंथसूची ही सारी एका बंद पेटीत अडकून पडतात.

हे घडले कसे? १९८५ साली युनेस्कोने ग्रंथालयांसाठी ‘सीडीएस/आयसिस’ ही आज्ञावली छोट्या संगणकांवर उपलब्ध करून दिली आणि भारतातील अनेक ग्रंथालयांनी ती स्वीकारली. हिशेबासाठी डीबेस व फॉक्सप्रो यांवर आधारलेल्या आज्ञावल्या गावोगावी लिहिल्या गेल्या. देवनागरीची सोय पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने केली. आयआयटी कानपूर येथे जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्र तिने एका कार्डाच्या रूपात आणले. ते संगणकाच्या खाचेत बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीतही मराठी अक्षरे उमटू लागत. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे सांकेतिक प्रमाण मान्य झाले. पुढे विंडोज आले आणि निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फाँट आले. त्यांपैकी बहुतेकांची आतील संकेतयोजना एकमेकांशी जुळत नव्हती.

काळ पुढे गेला. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तिचा पाठिंबा संपविला. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये डॉसच्या काळातील आज्ञावल्या थेट चालत नाहीत. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांतच उपलब्ध आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुना संगणक बंद पडला म्हणून नवा आणावा, तर नव्यावर जुने काम चालत नाही, अशी ही अडचण आहे.

यावर योजिला जाणारा एक उपाय म्हणजे आज्ञावली दुरून चालविणे. ग्रंथालयातील दुर्मिळ हस्तलिखित घरी नेता येत नाही. ते संस्थेतच राहते आणि वाचक तेथे बसून पाहतो. या पद्धतीत हस्तलिखित जागेवरच राहते, वाचकाला मात्र घरबसल्या त्याचे दर्शन घडते. आज्ञावली आणि तिच्या नोंदी एका मुख्य संगणकावर असतात. सभासदाच्या किंवा लेखनिकाच्या संगणकाकडून तिकडे केवळ कळफलकाचे ठोके आणि माऊसची हालचाल जाते, आणि तिकडून पडद्यावरील बदललेला भाग येतो. एवढीच देवाणघेवाण असल्यामुळे एके काळी टेलिफोनच्या तारेवरील मोडेमवरही ती चालत असे.

कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकातील मोठ्या संगणकांना अनेक पडदे जोडलेले असत. एड आयाकोबुची यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या सिट्रिक्स या अमेरिकन कंपनीने ती विंडोजवर आणली, आणि १९९५ साली तिचे ‘विनफ्रेम’ बाजारात आले. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज एनटीची स्वतंत्र ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती काढली. २००८ पासून तिच्यात संपूर्ण पडद्याऐवजी एकाच आज्ञावलीची खिडकी पाठविण्याची सोय झाली. वापरणाऱ्याला ती आपल्याच संगणकावर चालत असल्यासारखी भासते.

मराठी संस्थांना या पद्धतीचा एक विशेष लाभ आहे. जुना फाँट केवळ मुख्य संगणकावर असला तरी पुरतो. वाचकाकडे अक्षरांचे चित्र येत असल्याने त्याच्या यंत्रावर तो नसला तरी ग्रंथनाम शुद्ध दिसते. नोंदी एकाच ठिकाणी असल्याने त्यांची प्रत राखणेही सुलभ होते.

तथापि मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत. जिस्ट कार्डासारखे उपकरण ज्या खाचेत बसे, ती खाचच नव्या संगणकांत नाही; तेथे केवळ दुरून पडदा दाखवून भागत नाही. कित्येक आज्ञावल्यांना समांतर जोडणीत लावण्याचे कुलूप लागते, तर काहींना ठोक्यांचा जुना प्रिंटरच समजतो. एका माणसासाठी लिहिलेली आज्ञावली चौघांनी एकाच वेळी उघडली, तर नोंदी बिघडण्याचा संभव असतो. वापरकर्त्यांच्या संख्येनुसार परवान्याचा खर्चही येतो. सर्वांत मोठा धोका सुरक्षिततेचा आहे. २०१९ साली विंडोजच्या या दूरसेवेतच ‘ब्लूकीप’ नावाचा गंभीर दोष आढळला होता. म्हणून असा संगणक इंटरनेटवर उघडा ठेवू नये. तो बंदिस्त खासगी जोडणीमागेच असावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पडद्यावर शुद्ध दिसणारी मराठी आतून शुद्ध असेलच असे नाही. जुन्या फाँटमधील मजकूर उचलून दुसरीकडे नेला, तर बहुधा रोमन अक्षरांची गर्दी हाती येते. दूरच्या संगणकाने दर्शन टिकते. नोंद मात्र जुन्याच संकेतात राहते. हा उपाय म्हणजे पडक्या भिंतीला दिलेला टेकू होय. टेकू दिल्याने घर आज पडत नाही, परंतु तेवढ्यात भिंत बांधून घ्यायची असते.

ही भिंत म्हणजे युनिकोड. त्यात मराठी अक्षराला कोणत्याही यंत्रावर तोच संकेत असतो. इस्कीतील नोंदींचे युनिकोडमध्ये रूपांतर बरेच सरळ होते. फाँटमधील नोंदींसाठी त्या त्या फाँटचा तक्ता लागतो आणि नंतर जाणत्या माणसाला प्रत्येक नोंद तपासावी लागते. जोडाक्षर तुटले, वेलांटी सरकली, तर ग्रंथ कपाटात असूनही शोधात सापडत नाही.

म्हणून प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी कराव्यात. आपल्याकडील जुन्या आज्ञावल्या, त्यांच्या मूळ तबकड्या आणि परवाने यांची यादी करावी. ज्या आज्ञावलीवाचून आजचे काम अडते, तीच दूरच्या संगणकावर ठेवावी. आणि ती व्यवस्था किती वर्षे चालवावयाची, ही मुदत पहिल्याच दिवशी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवावी. मुदत नसली की टेकूलाच भिंत समजण्याची सवय लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ ग्वाल्हेरहून प्रसिद्ध केली. जुनी पत्रे बालबोध अक्षरांत छापली गेली, म्हणून मोडी न जाणणारा अभ्यासकही ती आज वाचू शकतो. ग्रंथसूची पुन्हा लिहून काढण्याचे काम त्याच जातीचे आहे. ज्यांनी कार्डामागून कार्ड संगणकावर चढविले, त्यांतील काही माणसे आजही अनेक ग्रंथालयांत हयात आहेत. कोणते संक्षेप का वापरले आणि कोणत्या रकान्यात काय भरले, हे त्यांनाच ठाऊक आहे. दूरच्या संगणकाने मिळवून दिलेला अवधी त्यांच्याकडून हे समजून घेण्यात खर्चावा.