परसबागेची शाळा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नंदुरबार म्हटले की लोकांना मिरची आठवते. पथारीवर लालभडक मिरची वाळते, पण अनेक घरांत कोथिंबिरीची जुडीही विकत आणावी लागते. अंगणात चार हात जागा असेल, निदान गच्चीवर दोन फुटके डबे असतील, तर तेथे भाजी लावा. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पिकाचे जे काही माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तो त्याचा सदका ठरतो, अशा आशयाची हदीस आपणांस ठाऊक आहेच. पाण्याची अडचण सांगू नका. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते एका बादलीत धरले तरी एक वाफा जगतो.

परंतु बाग भाजीबरोबर आणखी एक गोष्ट देते. ती अपयशाचा अर्थ लावायला शिकवते.

भोपळ्याचा वेल फुलांनी भरतो, फळ मात्र धरत नाही. घरातले म्हणतात, वेल वांझ आहे, उपटून टाका. थोडे थांबून पाहा. आधी येणारी फुले बहुधा नराची असतात. ज्या फुलामागे इवलासा भोपळा दिसतो, ते मादीचे. दुधी भोपळ्याचे फूल सायंकाळी उमलते. त्या वेळी नराचे फूल तोडून त्याचे पराग मादीच्या फुलाला हलकेच लावा. पुष्कळदा फळ धरते. मदिनेचे बागाईतदार खजुराला असेच हाताने पराग लावीत. एकदा ते थांबवले तेव्हा खजूर कमी आले. त्यावर, दुनियेच्या कामातले तुम्ही अधिक जाणता, अशा आशयाचे पैगंबर (स.) यांनी सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. अनुभवाने शिकण्याला आपल्या दीनमध्ये केवढा मान आहे पाहा.

टोमॅटोचे तसेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. अशा उष्णतेत टोमॅटोचा फुलोरा गळतो. येथे खताचा किंवा रोपाचा दोष नसतो, हंगाम चुकलेला असतो. त्या दिवसांत गवार, भेंडी लावावी. टोमॅटो, मेथी, पालक थंडीत घ्यावेत. मिरचीची पाने आकसली तर पान उलटून पाहा. फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी आढळेल. 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि सकाळी गाळून, किंचित साबण मिसळून फवाराव्यात.

विद्यार्थी मित्रांनो, एक वही करा. पेरणीची तारीख, बियाणे, पाणी, काय उगवले, काय मेले, सारे लिहा. पुढच्या खेपेला एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण हाती लागेल. चांगले फळ बियाण्यासाठी राखा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत; पण घरच्या वाणांचे बी जपत त्या 2020 च्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या.

आता पालकांना दोन शब्द. वेल फळला नाही तर आपण माती पाहतो, पाणी पाहतो, हंगाम पाहतो. मूल दहावीत एका विषयात राहिले तर मात्र त्याला दुकानावर बसवतो आणि मुलगी असेल तर तिच्या निकाहाची बोलणी सुरू करतो. हा न्याय कोणता? तिला अभ्यासाला जागा होती का, घरकामातून वेळ मिळाला का, गणिताचा पाया कोणत्या इयत्तेत कच्चा राहिला, हे कोणी विचारले? मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते. म्हणजे दुसरी पेरणी शक्य आहे. आपणच वाफा मोडून टाकतो.

म्हणून माझी विनंती आहे, यंदा घरोघरी एक वाफा करा. आणि निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हाती आली की रागावण्याआधी शिक्षकांकडे या. कारण आपण मिळून शोधू.

एवढे बोलून आपली रजा घेतो. खुदा हाफिज.