सम्राटाची कृपा आणि नागरिकाचा हक्क

(एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



प्राचीन रोमन सम्राटांचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे बहुधा विजयाच्या मिरवणुका, संगमरवरी मंदिरे आणि नीरोच्या क्रौर्याच्या कथा सांगितल्या जातात. मी वकील आहे. मला त्या इतिहासाकडे निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. सम्राटाच्या हाती एवढी सत्ता कोणत्या मार्गाने आली, ती शिखरावर असताना सर्वांत खालच्या माणसाला तिने काय दिले, आणि जे दिले ते त्याच्या हातात खरोखर राहिले काय, हे तीन प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

पहिला प्रश्न घेऊ. इ. स. पूर्व ३१ मध्ये अ‍ॅक्टियमच्या लढाईत प्रतिस्पर्ध्यांचा पराभव करून ऑक्टेव्हियन सर्वसत्ताधीश झाला. इ. स. पूर्व २७ मध्ये सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली. त्याने स्वतःस राजा म्हणवून घेतले नाही, कारण रोमन माणसाला ‘राजा’ या शब्दाची चीड होती. आपण प्रजासत्ताक लोकांना परत दिले, असेच तो सांगत असे. सिनेट भरत होती, कौन्सल नेमले जात होते. मात्र बहुतेक सैन्य असलेले प्रांत त्याच्या ताब्यात होते. पुढे इ. स. पूर्व २३ मध्ये त्याने ट्रिब्यूनचे अधिकार कायमचे आपल्याकडे घेतले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्रिब्यून हे पद मुळात सामान्य जनांनी सरदारवर्गाशी झगडून मिळविलेले होते. अन्याय करणाऱ्या अधिकाऱ्यास ‘थांब’ म्हणण्याचा हक्क त्या पदास होता. गरिबाचे रक्षण करण्यासाठी निर्माण झालेली ढाल अशा रीतीने राज्यकर्त्याच्या हातातील शस्त्र बनली. एकही जुने पद मोडले गेले नाही. ती सर्व एका माणसाच्या ठायी गोळा झाली, एवढेच.

व्हेस्पेशियन सम्राट झाला त्या वेळचा, म्हणजे इ. स. ६९–७० च्या सुमाराचा, कायदा कोरलेला एक काशाचा पत्रा रोमच्या कॅपिटोलीन संग्रहालयात आजही आहे. राज्याच्या हितासाठी सम्राटास जे योग्य वाटेल ते करण्याचा त्यास अधिकार असावा आणि ज्या कायद्यांतून पूर्वीचे सम्राट मुक्त होते त्यांतून तोही मुक्त असावा, असे त्यात लिहिले आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उल्पियन या थोर विधिज्ञाने याच व्यवस्थेचे सार सांगितले. लोकांनी आपली सारी सत्ता सम्राटास दिली असल्यामुळे त्याची इच्छा हाच कायदा होय, असा त्याचा अभिप्राय होता. लोकांनी दिलेली सत्ता परत कशी घ्यावयाची, याची तरतूद मात्र कोठेही नव्हती.

आता दुसरा प्रश्न. ट्रेजनच्या कारकिर्दीत (इ. स. ९८–११७) साम्राज्याचा विस्तार सर्वाधिक झाला. ब्रिटनपासून मेसोपोटेमियापर्यंत एकाच सत्तेचा अंमल चालला. भूमध्य समुद्राचा एकही किनारा तिच्याबाहेर नव्हता. त्या काळची लोकसंख्या पाच ते सात कोटी असावी, असा विद्वानांचा अंदाज आहे. रस्ते, जलमार्ग, व्यापार आणि दीर्घकाळची शांतता हे सारे खरे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु या वैभवाचा भार ज्यांच्या खांद्यावर होता त्या गुलामांची स्थिती काय होती?

इ. स. ६१ मध्ये रोम नगराचा मुख्य अधिकारी पेडॅनियस सेकंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. धन्याचा खून झाल्यास त्या छपराखालील सर्व गुलामांना ठार करावे, असा जुना रिवाज होता. त्या घरात चारशे गुलाम होते. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. बहुतेकांचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नव्हता. सिनेटमध्ये वाद झाला. त्या वेळी देहदंडाच्या बाजूने जो बोलला तो कोणी अडाणी शिपाई नव्हता. तो गायस कॅसियस लाँजायनस हा नामांकित कायदेपंडित होता. भीतीवाचून हा वर्ग ताब्यात राहणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. रोमचे सामान्य लोक दगड व मशाली घेऊन आडवे आले. तेव्हा नीरोने रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सैन्य उभे केले आणि चारशे निरपराध माणसे वधस्थानी नेली. कायद्याचे ज्ञान माणसाला न्यायी बनवितेच असे नाही, हे माझ्या व्यवसायबंधूंनी या प्रसंगावरून शिकावे.

पुढे सुधारणा झाल्या, हे सांगितले पाहिजे. त्याआधीच्या क्लॉडियसने, आजारी म्हणून टाकून दिलेला गुलाम स्वतंत्र समजला जावा, असे ठरविले होते. अँटोनायनस पायस (इ. स. १३८–१६१) याने, विनाकारण आपल्या गुलामास मारणारा धनीही शिक्षेस पात्र आहे, असे ठरविले. छळ असह्य होऊन गुलाम देवळात किंवा सम्राटाच्या पुतळ्याजवळ आश्रयास गेला आणि छळ सिद्ध झाला, तर धन्याने त्यास विकावे, असाही हुकूम झाला. विकावे, मुक्त करावे असे नव्हे! आणि हे धन्यांच्याच हिताचे आहे, असे कारण त्यासोबत सांगण्यात आले. ज्याचे हाल झाले त्याने स्वतःच्या नावाने फिर्याद करावी, ही गोष्ट त्या कायद्याच्या कल्पनेतच नव्हती. दया होती, हक्क नव्हता.

तिसरा प्रश्न नागरिकत्वाचा. इ. स. २१२ मध्ये कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले. एका लेखणीने लक्षावधी माणसे नागरिक झाली. कॅसियस डायो हा समकालीन इतिहासकार म्हणतो की, नागरिकांवरील करांचे उत्पन्न वाढावे हा यातील खरा हेतू होता. वारसा-कर तर त्याच सम्राटाने पाच टक्क्यांवरून दहा टक्के केला होता. हेतू काहीही असो, मिळाले ते काय मिळाले? पूर्वी ‘मी रोमन नागरिक आहे’ एवढे म्हणताच चाबूक थांबत असे. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील पॉलची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. पण नागरिकत्व सर्वांना मिळेपर्यंत न्यायालयात निराळीच रेघ ओढली गेली होती. एकीकडे ‘प्रतिष्ठित’, दुसरीकडे ‘हलके’. एकाच गुन्ह्यासाठी प्रतिष्ठितास हद्दपारी, तर हलक्यास खाणीतील सक्तमजुरी किंवा श्वापदांच्या तोंडी देणे! नागरिक हे नाव सर्वांचे एक झाले, वागणूक मात्र जुनीच राहिली.

अशी सत्ता स्वतः सम्राटालाही सुरक्षित ठेवू शकली नाही. इ. स. १९३ मध्ये रक्षकदलाने साम्राज्याचा चक्क लिलाव केला. ते विकत घेणारा डिडियस ज्युलियानस ६६ दिवसांत मारला गेला. कॅराकॅलाने सख्ख्या भावाचा खून करविला आणि पुढे पॅपिनियन या श्रेष्ठ विधिज्ञास ठार करविले. त्या खुनाचे समर्थन करण्यास पॅपिनियनने नकार दिला, अशी परंपरा सांगते. इ. स. २१७ मध्ये कॅराकॅलाही मारला गेला. इ. स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट तलवारीने झाला. जो कायद्याच्या वर बसतो, त्याच्या रक्षणास कायदा धावून येत नाही.

सम्राटाची इच्छा हाच कायदा, असे सांगणाऱ्या त्याच उल्पियनने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. राज्याच्या कायद्यात गुलामाला काहीही किंमत नसली, तरी निसर्गाच्या कायद्याने सर्व माणसे समान आहेत, असे तो म्हणतो. जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कायदेसंग्रहात ही दोन्ही मते शेजारी शेजारी नांदतात. समतेचे वचन ग्रंथात होते. पण ते हातात धरून ज्याच्या दारी जावे असे न्यायालय गुलामासाठी नव्हते.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. कोणी आपणांस काही दिले असे म्हणेल, तेव्हा ते कृपा म्हणून दिले की हक्क म्हणून, हे विचारा. तो हक्क मोडला तर कोणत्या दारी आणि कोणाच्या नावाने दाद मागावयाची, हे विचारा. आणि नाव सर्वांना एक दिले असेल, तर शिक्षा आणि संरक्षणही एकच आहे काय, हे तपासून पाहा. हे प्रश्न आपल्या मुलामुलींना विचारता आले पाहिजेत. त्यासाठी त्यांना कायदा स्वतः वाचावयास शिकवा.