वाचणाऱ्यांचं गणित



  गणितशिक्षकांच्या यंदाच्या अधिवेशनाचा विषय ‘सिद्धता’ आहे, म्हणून स्वागताच्या निमित्तानं मी एका सिद्धतेविषयीच बोलणार आहे.

चेंडूवर दोऱ्याचा फास कसाही टाका, पृष्ठावरून न उचलता तो आवळत एका बिंदूपर्यंत आणता येतो. मेदूवड्याच्या भोकातून ओवलेला फास मात्र अडकतो. कड नसलेल्या, मर्यादित पृष्ठभागावरचा प्रत्येक फास असा आवळता येत असेल, तर टोपॉलॉजीच्या दृष्टीनं तो पृष्ठभाग गोलच. हेच एक मिती वर, त्रिमितीय अवकाशांबाबत खरं आहे का? हा आंरी प्वँकारे यांचा 1904 मधला प्रश्न.

तो जन्मला चुकीतून. 1900 मध्ये त्यांनी याहून सैल कसोटी पुरेशी आहे असं लिहिलं होतं. तिला खोटं पाडणारं उदाहरण पुढे त्यांनीच रचलं. व्हाइटहेड यांनी 1934 मध्ये सिद्धता मांडली आणि तिच्यातला दोषही स्वतःच दाखवून दिला. स्टॉलिंग्ज यांनी तर हे अनुमान कसं सिद्ध करू नये यावर लेखच लिहिला. मला ही माणसं फार मोठी वाटतात.

पाच आणि त्यावरच्या मितींचं उत्तर स्मेल यांनी दिलं, चार मितींचं 1982 मध्ये फ्रीडमन यांनी. तीन मिती तेवढ्या उरल्या. त्याच वर्षी हॅमिल्टन यांनी ‘रिची प्रवाह’ मांडला: वक्रता उष्णतेप्रमाणे पसरू द्यायची, म्हणजे अवकाशाचा उंचसखलपणा ओसरत जातो. पण वाटेत कुठेतरी अवकाशाची मान आवळते, वक्रता अमर्याद वाढते आणि प्रवाह थांबतो. अशा जागा कशा दिसतात, तिथे छाटणी करून प्रवाह पुढे कसा न्यायचा, हे ग्रिगोरी पेरेलमान यांनी दाखवलं. नोव्हेंबर 2002 ते जुलै 2003 या काळात तीन लेख, मिळून 68 पानं, त्यांनी थेट इंटरनेटवर ठेवले.

त्यांनी 2006 मध्ये फील्ड्स पदक आणि 2010 मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस नाकारलं, ही गोष्ट सगळे सांगतात. हॅमिल्टन यांचा वाटा आपल्यापेक्षा कमी नाही, असं ते म्हणाले होते. ते फारसं कुणी सांगत नाही. आणि क्लाइनर, लॉट, मॉर्गन, तियान ही नावं तर क्वचितच ऐकू येतात. त्यांनी आणि इतरांनी ती पानं ओळ न् ओळ तपासली, गाळलेल्या पायऱ्या भरल्या. त्यात वर्षं गेली. मॉर्गन आणि तियान यांचा ग्रंथ पाचशेहून अधिक पानांचा झाला. 68 पानं जगाची झाली ती या वाचणाऱ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच उद्याच्या सत्रात शाळकरी मुलांनी लिहिलेल्या, चुकलेल्या सिद्धता नावं काढून ठेवल्या आहेत. गुण द्यायचे नाहीत. चूक नेमकी कोणत्या ओळीत शिरली आणि तिच्या आधीचं किती बरोबर आहे, हे शोधायचं आहे. प्रत्येकानं निदान एक तरी शेवटपर्यंत वाचावी.

आता उद्घाटनासाठी अध्यक्ष महोदयांनी पुढे यावं, अशी मी विनंती करतो.