नवी कोंबडी, जुनं खुराडं

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी संध्याकाळी थेट खुराड्यात सोडून द्यायची, ही आपल्या गावोगावची रीत. आठ-दहा दिवसांत खुराडं रिकामं होतं आणि आपण म्हणतो, मर आली. पुष्कळदा ती मर आपणच डालग्यात घालून आणलेली असते.

हा विषय किरकोळ समजू नका. २०१९ च्या पशुगणनेत देशातले सुमारे ३२ कोटी पक्षी परसातले होते. त्यांतल्या बहुतेकांचा हिशेब बाईच्या हातात असतो. मुलांची वह्या-पुस्तकं, अडीअडचणीचा दवाखाना या अंड्यांवर निघतो. म्हणून आज मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवा.

महिनाच का? मानमोडीची लागण झालेली कोंबडी वरून धडधाकट दिसू शकते. लक्षणं उमटायला दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. मग हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास, वाकडी झालेली मान. यालाच राणीखेत म्हणतात. कुमाऊँतल्या राणीखेतला १९२७ साली हा रोग नोंदला गेला. झाल्यावर औषध नाही. विष्ठेतून, भांड्यांतून, चपलांच्या तळव्यांतूनही तो पसरतो. तेव्हा नव्या पक्ष्यांची जागा जुन्यांपासून जितकी लांब करता येईल तितकी करा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि परतताना हातपाय धुवा. बाजारातलं डालगंही खुराड्याजवळ नेऊ नका.

या महिन्यात कोंबडी हातात घेऊन नीट बघा. छातीचं हाड बोटांना टोचतंय का? पंखाखालची आणि शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. उवा तिथं धावताना दिसतात. पायाचे खवले उचलल्यासारखे, खरबरीत वाटले तर ती खरूज. डोळ्यांत फेस, नाकाला चिकटलेली कणी, घरघर, यांतलं काहीही दिसलं तर पशुवैद्याला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता भांडणाचं. कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. नॉर्वेच्या थॉर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली ती शास्त्रीयरीत्या मांडली. लहानपणापासून ते कोंबड्यांची टोचाटोची टिपत होते. नवा पक्षी आला की ही उतरंड पुन्हा लागते. मानेची पिसं फुलवून दोघी समोरासमोर येतात, तुऱ्यावर टोच बसते, एक मान खाली घालून पळते. एवढ्यावर भागलं तर मध्ये पडू नये. रक्त दिसलं की मात्र जखमीला तत्काळ बाजूला काढा, कारण त्या लाल डागावर बाकीच्या सगळ्या तुटून पडतात.

महिना संपल्यावर मध्ये जाळी लावून आठवडाभर एकमेकींना दिसू द्या. एकटी कोंबडी कधीच सोडू नका; दोन-तीन तलंगा, अंगानं जुन्यांच्या तोडीच्या, एकत्र सोडा. पिल्लांचा यात निभाव लागत नाही. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा, म्हणजे दांडगी कोंबडी सगळीकडे पहारा देऊ शकणार नाही. आडोशाला एखादी फळी तिरकी लावली तर पळणारीला जागा मिळते. अंधारात दांडीवर नेऊन बसवायची युक्ती आपल्या आजीबाई करत आल्या. ती चालते, पण उजाडताच दार उघडून मोकळं सोडायला हवं; अरुंद खुराड्यात दुबळीचा जीव जातो. आणखी एक: विकतचं लेअर खाद्य घालत असाल तर त्यात चुना फार असतो. अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडाला तो बाधतो. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि अंड्यावरच्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा.

मानमोडीवर औषध नसलं तरी लस आहे. पण तिची कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते, फोडल्यावर बर्फात ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. पाच कोंबड्यांची मालकीण ती एकटी कशी आणणार? यावर उपाय एकच, वाडीनं एक दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्या एकदम टोचून घ्यायच्या. बचत गटांना हे सहज जमेल. आणि गावात मर सुरू झाली की उरलेले पक्षी घाईनं बाजारात नेऊन विकणं थांबवा. तुमच्या डालग्यातला तो पक्षी दुसऱ्या गावातल्या कुणा बाईच्या खुराड्यात जातो. तिचं नुकसान आपल्या हातून होऊ नये, एवढी माझी तुम्हा सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.