सल्ला, निविदा आणि लेखी कारण



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीचा निवृत्त प्राध्यापक बोलवावा आणि त्याने सरकारी खरेदीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी खडूच्या पेटीचीही पावती जपून ठेवीत. तेव्हा विषय त्यांना परका वाटला नसता.

माझा प्रांत शब्दांचा, म्हणून तिथूनच आरंभ करतो. आपल्या गोव्यात देवळातल्या फळांची, गावकरीच्या शेतांची 'पावणी' होत आली. 'लिलाव' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. पावणीत बोली उघड असते, साक्षीला सारा गाव असतो आणि जो जास्त बोलतो त्याचा माल. निविदेत सारे उलट. दर लिफाफ्यात बंद, आणि बहुधा जो कमी मागतो त्याला काम. लिफाफे चारचौघांत उघडतात हे खरे. पण पुढची छाननी बंद दाराआड होते. राखणदाराची गरज आहे ती तिथे.

पूर्वसुरींना ही जाण नव्हती असे नाही. 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडाचा विचार करताना आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडावे, जोरजबरदस्ती नको. राज्याने खरेदी कशी करावी, याचाच हा नियम आहे.

स्वतंत्र भारतात संथानम समितीच्या शिफारशीवरून 1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. सरकारी बांधकामे आणि खरेदी तपासणारी मुख्य तांत्रिक परीक्षकांची यंत्रणाही त्याच्याकडे आली. श्री. एन. विठ्ठल आयुक्त असताना, नोव्हेंबर 1998 मध्ये, आयोगाने एक आदेश काढला: निविदा उघडल्यावर वाटाघाटी करायच्या झाल्या तर त्या सर्वांत कमी दराच्या निविदाकाराशीच कराव्यात, इतर कोणाशी नाही. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या वाक्याने एक जुनी वाट बंद करू पाहिली. लिफाफे फुटले की दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाला हळूच आत बोलवायचे, 'थोडे खाली या' म्हणायचे आणि काम त्याला द्यायचे. मग लिफाफ्याला अर्थ तो काय उरला? 2007 मध्ये आयोगाने आणखी पुढे जाऊन, सर्वांत कमी दरवाल्याशीही वाटाघाटी अपवादानेच कराव्यात, असे सांगितले.

आता मुख्य मुद्दा. आयोगाचे मत हा अखेर सल्ला आहे. शासनाने तो मानलाच पाहिजे असे नाही. यावरून पुष्कळ जण आयोगाला दात नसलेला वाघ म्हणतात. मला ते पटत नाही. 2003 च्या कायद्याने एक अट घातली: सल्ला अमान्य करायचा असेल तर कारण लेखी कळवावे. आयोगाचा वार्षिक अहवाल राष्ट्रपतींकडे आणि तिथून संसदेपुढे जातो, आणि न मानलेल्या सल्ल्यांची नोंद त्यात वाचायला मिळते. नकार देणाऱ्याला सही करावी लागते, ही गोष्ट लहान नव्हे.

ती नसली तर काय होते, ते मी एका महाविद्यालयात पाहिले. ग्रंथालयासाठी कपाटे घ्यायची होती. पत्र्याची जाडी निविदेत नमूद करावी, असे ग्रंथपालांनी लिहून दिले. पत्र दप्तरात गेले. ते का मानले नाही, याची एक ओळही कोणी लिहिली नाही. सर्वांत स्वस्त कपाटे आली आणि वर्षभरात शब्दकोशांच्या भाराने त्यांच्या फळ्या वाकल्या. ठपका आला तो ग्रंथपालांवर, कारण ग्रंथालय त्यांचे! निवृत्तीपर्यंत ते त्या पत्राची नक्कल खिशात बाळगून असत.

नुसत्या कमी दराचा आग्रह धरला की असेही होते, हे दक्षतेच्या कैवाऱ्यांनी विसरू नये. दर पाहण्याआधी हवे ते नेमके काय, हे लिहावे लागते. आणि नेमके लिहिणे हे भाषेचे काम आहे. निविदेतील 'चांगल्या प्रतीचे' हे विशेषण माझ्या मते सर्वांत महागडे.

आयोगाचे अहवाल कोणालाही वाचता येतात. त्यांचा एक संच शाळेच्या ग्रंथालयात असावा, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे. निर्णय अर्थातच त्यांचा. नकार असल्यास कारण तेवढे लेखी द्यावे.