दारातली रेघ



डोंबिवलीतल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. समोरच्या दारापुढे एक पांढरी रेघ होती. ठिपक्यांना वळसे घालत घालत, जिथून निघाली तिथेच येऊन मिळालेली. आपण ठिपके जोडतो. ही रेघ त्यांना शिवतसुद्धा नव्हती!

माटुंग्याहून इकडे आलेल्या समोरच्या मामींनी नाव सांगितलं, ‘सिक्कु कोलम’. तमिळमध्ये सिक्कु म्हणजे गुंता. कोलम म्हटलं की मला वाड्याचा तांदूळ आठवतो. गंमत अशी की हे कोलमही तांदळाच्याच पिठानं काढतात. घरातल्यांच्या आधी दारातल्या मुंग्यांची न्याहारी होते. आपली रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची, कोकणात जाळलेल्या भाताच्या तुसाची. तिनं कुणाचं पोट भरत नाही, पण चिमटीतून सुटते मात्र झकास.

1974 मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नक्ष्यांचं चक्क व्याकरण मांडलं, संगणकशास्त्राच्या भाषेत. मामींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “आमच्या पाटीला विचारलं असतं तर लवकर झालं असतं.” पाटी म्हणजे आजी.

चैत्रात मी चैत्रांगण काढायला बसले. अंगण कुठलं, दोन फरशा! शंख, चक्र, गायीची पावलं, तुळशीवृंदावन, पाळणा... गौर कशीबशी मावली, सूर्य-चंद्र पायपुसण्याला टेकले. मामी दारात उभ्या राहून एकेक चिन्ह विचारत होत्या. मग आत गेल्या, पिठाची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या चौकटीभोवती त्यांनी आपली रेघ फिरवली. कैरीची डाळ आणि पन्हं अर्थातच आधी त्यांच्याकडे गेलं.

नऊला जिना झाडायला बाई येतात. शिरगोळा आणि तांदळाचं पीठ एकाच सुपलीत जातं.

गेल्या श्रावणात एका सकाळी मामींच्या दारापुढची फरशी कोरी दिसली. दुसऱ्या दिवशीही कोरीच. सुतकात त्यांच्याकडेही कोलम काढत नाहीत, हे तोवर मला ठाऊक झालं होतं. मी बेल वाजवली नाही. दारावर हलकेच टकटक केली. हातात चहाचा थर्मास होता.